बॅरोमीटरच्या बायकोचा रविवार

बाजारात तिला चष्मेवाली म्हणत आणि क्लबात वहिनी. बाजारातलं नाव तिने स्वतः कमावलं होतं: काचा घासून, फ्रेमच्या दांड्या वाकवून, कुणाच्या नाकावर चष्मा टेकतो आणि कुणाच्या घसरतो ते वर्षानुवर्षं बघून. क्लबातलं नाव नवऱ्यामुळे आपसूक पदरात पडलं होतं, आणि पदरात पडलेल्या बऱ्याच गोष्टींसारखं तेही तिला झटकता आलं नव्हतं.

नवऱ्याला क्लबात बॅरोमीटर म्हणत. दुकान त्याच्या वडिलांचं, पाटीवर आडनाव त्यांचं. पण गिऱ्हाईक आलं की त्याला अक्षरांचा तक्ता दाखवणारी, आतल्या खोलीत काच कापायला बसणारी आणि संध्याकाळी शटर ओढणारी ही. तो सकाळी एक चक्कर मारी, काउंटरवरचा आरसा स्वतःकडे वळवून टोपी नीट करी आणि आज वारा पश्चिमेचा आहे असं काहीतरी सांगून निघून जाई. चष्म्याच्या धंद्याने वाऱ्याच्या दिशेचं काय करायचं असतं, ते तिला कधी कळलं नाही.

तो जाई तो टेकडीवरच्या गोल्फ क्लबात. एक पांढरा चेंडू लोखंडी छडीने मारत मारत लांबच्या खळग्यात घालायचा, मग पुढच्या खळग्याकडे चालू लागायचं, आणि दिवसअखेर ज्याचे फटके सगळ्यात कमी तो जिंकला, असा हा खेळ. म्हणजे ज्याला तो येतो त्याला तो सगळ्यात कमी खेळावा लागतो. त्या हिशोबाने तिचा नवरा क्लबातला सगळ्यात जास्त खेळलेला माणूस होता.

टेकडीवरची हवा मात्र कुणाचंच ऐकत नसे. सकाळी लख्ख ऊन, मग हातभर अंतरावरचं दिसू नये असं धुकं, दुपारी टपोऱ्या गारा आणि त्या वितळायच्या आत परत ऊन. क्लबातल्या माणसांना हा स्वतःचा अपमान वाटे. वर्गणी भरलेल्या माणसांवर गारा पडतात म्हणजे काय? मग एका वर्षी बॅरोमीटरने जुन्या बाजारातून पितळेचं एक वायुभारमापक, म्हणजे खराखुरा बॅरोमीटर, आणून क्लबाच्या दिवाणखान्यात टांगलं. रोज त्याच्या काचेवर बोटाने टकटक करून तो "आज काही सांगता येत नाही" असं जाहीर करू लागला, आणि त्याचं भाकीत जवळजवळ नेहमीच खरं ठरत असल्यामुळे समितीने त्याला मानद हवामान प्रमुख केलं. त्याच्या हाती एक भोंगा आला. गॅसच्या छोट्या डब्यावर बसवलेला, लाल तोंडाचा.

भोंग्याचे नियम होते, आणि क्लबातल्या माणसांना नियमांइतकं दुसरं काही प्रिय नव्हतं. वीज दिसली की भोंगा वाजवायचा. तो वाजला की ज्याने त्याने आहे तिथून चेंडू उचलायचा आणि इमारतीत यायचं. शेवटची जोडी खेळून संपायच्या आत वाजला, तर त्या दिवसाचे सगळ्यांचे फटके रद्द आणि स्पर्धा पुढच्या रविवारी नव्याने. पूर्वी थांबलेला खेळ तिथूनच पुढे सुरू करत. पण एकदा पावसाच्या आधी खेळलेल्यांना कोरडं गवत मिळालं आणि नंतरच्यांना ओलं, यावरून दोन सभ्य गृहस्थांनी एकमेकांच्या टोप्या तळ्यात फेकल्या. तेव्हापासून हे असं. शिवाय भोंगा ज्याच्या हातात असेल त्याने कुणाला विचारत बसायचं नाही, कारण समिती बैठक घेईपर्यंत वीज थांबत नाही, हे समितीला एका वर्षी मंडपाचा खांब जळाल्यावर उमगलं होतं. आणि खेळणाऱ्याने भोंगा जवळ ठेवायचा नाही, एवढं तर उघडच होतं.

तेव्हा बॅरोमीटर स्पर्धेत उतरला की भोंगा येई बायकोच्या मांडीवर.

म्हणजे वर्षातून एकदाच, वार्षिक कपाच्या दिवशी. बाकीच्या रविवारी ती दुकानातच असे. चष्म्याच्या दुकानाला खरी गर्दी रविवारची; आठवडाभर कामावर जाणारी माणसं त्याच दिवशी डोळे तपासायला मोकळी होतात. लग्न झाल्यापासून तिने रविवारची सकाळ आपल्या घरात बसून पाहिलेली नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन कुठवर येतं, हे तिला नीट सांगता आलं नसतं. सोमवारी ती दुकान बंद ठेवी खरी, पण सोमवार कसला, तो उरलेल्या कामांचा दिवस. तिला काय हवं होतं असं कुणी विचारलं असतं तर तिने खांदे उडवले असते. तिला रविवार हवा होता, एवढंच. तो आला की त्याचं काय करायचं ते तिने अजून ठरवलेलं नव्हतं, आणि ते न ठरवणं हाच त्यातला मोठा भाग होता.

तो तिला मिळणार, असा शब्द होता. क्लबाच्या दिवाणखान्यात काळ्या लाकडाचा एक फळा होता आणि त्यावर दर वर्षीच्या विजेत्याचं नाव सोनेरी अक्षरांत. त्या फळ्यासमोर उभं राहून बॅरोमीटरने तिला एकदा सांगितलं होतं की या फळ्यावर एकदा नाव लागू दे, मग छड्या माळ्यावर आणि रविवारी दुकानात मी. तिने ते मनावर घेतलं. तेव्हापासून नवऱ्याने कप जिंकावा म्हणून जगात कुणाचा जीव टांगणीला लागत असेल तर तो तिचा. त्याला नुसतं नाव हवं होतं. तिला दिवस हवा होता.

मधल्या वर्षांत फळ्यावर दातांच्या डॉक्टरचं नाव इतक्यांदा लागलं की रंगाऱ्याला ते पाठ झालं. बॅरोमीटरला दर वेळी काहीतरी आडवं येई: वारा, गवत, गवत कापणारा, मागच्या जोडीतल्याची शिंक. तिने कधी उलट उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर ती त्याचे चिखलाचे बूट वर्तमानपत्रावर ठेवी आणि पुढच्या वर्षीचा विचार करी.

त्या वर्षीच्या कपाच्या दिवशी सकाळपासून सगळंच विपरीत घडत होतं, म्हणजे त्याच्या मनासारखं. पहिल्याच खळग्यावर त्याचा चेंडू झाडीत शिरायच्या बेतात असताना वाऱ्याचा झोत आला आणि त्याने तो उचलून मोकळ्यावर आणून ठेवला. पुढे एकदा तो वाळूच्या खड्ड्यात पडलेल्या दाताळ्याच्या दांड्यावर आपटून उसळला आणि खळग्यापाशी जाऊन थांबला. बातम्या व्हरांड्यात पोचत होत्या. तिथे संध्याकाळच्या सहकुटुंब मेळाव्याची तयारी चालली होती आणि क्लबाच्या कप्तानाच्या बायकोने सगळ्या बायकांना कामाला जुंपलं होतं. कप्तान सिमेंटच्या पायपांचा कारखानदार. त्याची बायको कारखान्यातल्यासारख्याच आवाजात फुलं लावून घेई. मेळाव्यात दर वर्षी टोप्यांची स्पर्धा असे आणि ती दर वर्षी कप्तानाच्या बायकोलाच जाई. मागच्या वर्षी वाऱ्याने तिची टोपी आणि मंडपाची एक कनात एकदमच उडाली होती; टोपीला तरीही बक्षीस मिळालं, गैरहजेरीत.

"ऐकलंस का गं, तुमचे हे चक्क पुढे आहेत म्हणे," कप्तानाची बायको म्हणाली. त्यातला 'चक्क' तिने असा उच्चारला, जणू कुत्र्याने पत्र वाचलं होतं.

चष्मेवालीने मांडीवरचा भोंगा सरळ केला. दुपार कलायला लागली तेव्हा शेवटचा खळगा व्हरांड्यासमोरच्या हिरवळीवर असल्याने तिला नवरा वर येताना दिसला. त्याचे थोडेच फटके उरले होते. त्याच्या मागे, उघड्या उतारावर, शेवटची जोडी: दातांचा डॉक्टर आणि एक वकील, आणि त्यांच्या पिशव्या वाहणारी दोन माणसं. डॉक्टर इतका मागे पडला होता की त्याला आता काहीही जिंकून देऊ शकत नव्हतं. सगळ्या टेकडीवर एकच झाड होतं. पिशव्यावाले दोघे त्याच्या बुंध्याशी टेकून उभे होते, लोखंडी छड्यांच्या पिशव्या खांद्यावरच.

पाण्याच्या टाकीमागे आभाळ काळंनिळं झालं होतं. सकाळी निघताना बॅरोमीटरने तिला बजावलं होतं की शेवटच्या खळग्यावर मी असेन तर माझ्याकडे बघ. मी टोपी काढली तरच वाजवायचं. नियम तसा नव्हता. पण नियमाच्या बाबतीत क्लबातली माणसं फक्त दुसऱ्यांना काटेकोर असतात, हे तिला माहीत होतं, आणि तिने मान डोलावली होती.

मग टाकीमागे लखलखलं.

आवाज झाला नाही. कुणीतरी एखाद्या अंधाऱ्या खोलीत दिवा लावून लगेच मालवावा तेवढंच. कप्तानाची बायको फुलांत डोकं घालून बसली होती. बाकीच्या बायका टेबलावर चादर ताणत होत्या. चष्मेवालीने नवऱ्याकडे पाहिलं. तोही टाकीकडे बघत होता. त्याचं तोंड किंचित उघडं होतं. त्याने पाहिली होती, यात शंकाच नव्हती. दिवसभर चार हात अंतरावरून माणसांचे डोळे बघणाऱ्या बाईला कुणी काय पाहिलं ते लांबूनही कळतं. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. टोपीला हात लावला नाही. तळहात खाली करून, गिऱ्हाइकासमोर तिला गप्प करताना करायचा तशी खूण केली. थांब.

थांबणं तिला जमत होतं. इतकी वर्षं दुसरं केलं काय होतं? आणखी थोडं थांबलं की तो चेंडू खळग्यात जाणार, मागचे दोघे वर येऊन आपले निरुपयोगी फटके मारणार, आणि तो फळा, आणि मग तो रविवार. आपल्या घरातला, खिडकीतल्या उन्हासकट. तो तिला इतका जवळ दिसला की त्यात ठेवलेला चहाचा कपही दिसला. झाडाखालच्या दोघांपैकी एकाने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि आभाळाकडे बघून काहीतरी म्हटलं. दुसरा हसला.

तिने भोंगा दाबला.

आवाज टेकडीभर गेला. कप्तानाच्या बायकोच्या हातून फुलदाणी सुटली. उतारावर डॉक्टरने निमूट चेंडू उचलला, वकिलाने उचलला, पिशव्यावाले झाडाखालून धावत निघाले. बॅरोमीटर तेवढा हिरवळीवर तसाच उभा, छडी दोन्ही हातांत धरून, जणू त्या छडीला कोणी काहीतरी सांगितलं होतं आणि तो तिच्या तोंडून ते वदवून घेणार होता.

आणि आभाळाने केलं काय, तर ऊन पाडलं. टाकीमागचा काळोख बघता बघता विरला. गडगडाट नाही, थेंब नाही. इमारतीच्या पायऱ्यांवर सगळे जमले तेव्हा टेकडी इतकी लख्ख चमकत होती की बऱ्याच जणांना डोळ्यांवर हात धरावे लागले, आणि त्या हातांखालून सगळे तिच्याकडे बघत होते.

वहिनी, वीज होती का, असं कप्तानाने अगदी सौम्यपणे विचारलं. होती, टाकीमागे, ती म्हणाली. आणखी कुणी पाहिली का, असं विचारल्यावर बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कप्तानाची बायको म्हणाली की तिला तर काही दिसलं नाही, आणि फुलदाणी मात्र फुटली. तेव्हा कप्तानाने घसा साफ केला. भोंगा चुकून वाजला असेल तर खेळ जिथे थांबला तिथून पुढे चालू करायची मुभा नियमात आहे, तो म्हणाला. पण तसं मानद हवामान प्रमुखांनी सांगायला हवं.

सगळे बॅरोमीटरकडे वळले. चष्मेवालीही वळली. तिला एका शब्दाची अपेक्षा होती आणि तो शब्द इतका छोटा होता की तो कुठल्याही माणसाच्या तोंडात मावला असता.

"काय हो," कप्तान म्हणाला, "तुम्ही तर समोरच होतात. पाहिलीत का वीज?"

बॅरोमीटरने टोपी काढली, आतून पुसली आणि परत घातली.

"नाही. तिला सवय नाही हो. घाबरली असेल."

कुणीतरी खुदकन हसलं. चष्मेवाली त्याच्याकडे बघत राहिली, आणि तो दिवाणखान्याच्या दाराकडे, जिथे फळा होता.

मग दातांचा डॉक्टर पुढे आला. त्याला घाई नव्हती, त्याला कधीच नसे. तो म्हणाला की चालू करायला त्याची ना नाही, पण त्याने चेंडू उचलला आहे आणि तो नेमका कुठे होता ते त्याला आता आठवत नाही. वकिलालाही आठवत नव्हतं. ते न आठवण्याचं कायदेशीर महत्त्व त्याने पटकन समजावून सांगितलं. उचललेला चेंडू परत कुठे ठेवायचा यावर समितीत बरीच चर्चा झाली, आणि ती आटोपली तेव्हा स्पर्धा पुढच्या रविवारी नव्याने घ्यायचं ठरलेलं होतं. म्हणजे भोंगा खरा मानून जे झालं असतं तेच. बॅरोमीटरने बायकोला चारचौघांत वेड्यात काढलं आणि त्याबदल्यात त्याला गवताचं पातंही मिळालं नाही.

मेळावा मात्र ठरल्याप्रमाणे झाला. केक कापलेला होता आणि सूप गरम होतं, ते काही कोणी रद्द करणार नव्हतं. ऊन जाऊन धुकं आलं आणि मंडपात शिरलं, त्यामुळे टोप्यांच्या स्पर्धेत कुणाची टोपी कोणती ते परीक्षकांना नीट दिसलं नाही. बक्षीस कप्तानाच्या बायकोला गेलं. भाषणात कप्तान म्हणाला की हवामान लहरी असतं आणि बायकाही, यावर पुरुष खूप हसले आणि बायका थोड्या कमी. शेवटी त्याने क्लबाच्या बोधचिन्हाची एक छत्री चष्मेवालीला खास बक्षीस म्हणून दिली, उन्हात वापरा असं सांगून. पुन्हा हशा. बॅरोमीटरही हसला. तो सगळ्यांच्या आधी हसला आणि सगळ्यांच्या नंतर थांबला.

तिने छत्री घेतली, आभार मानले आणि सूप संपवलं. सूप बरं होतं. दाराशी कोट घेताना ती त्याला हळूच म्हणाली, "तुम्ही पाहिली होतीत."

"पाहिली म्हणजे," तो म्हणाला, "काहीतरी चमकल्यासारखं झालं. त्याला काय वीज म्हणायची का? आणि तुला खूण केली होती मी. तुझ्याच भल्याचं होतं ना त्यात? तुलाच रविवार हवेत. पुढच्या रविवारी असं नशीब कुठलं? आता बस आणखी एक वर्ष."

ते तो अगदी सहज म्हणाला, रस्त्यावरून जाणाऱ्याला वेळ सांगावी तसं. तिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की तिचा रविवार इतकी वर्षं या माणसाच्या खिशात होता; आणि खिशात तो पुन्हा पुन्हा हात घालून बघे, पण तिला द्यायला नव्हे, आहे ना अजून याची खात्री करायला. जिंकला असता तरी छड्या माळ्यावर गेल्या नसत्या. एकदा जिंकलेला माणूस पुढच्या वर्षी कप राखायला उतरतो; दातांच्या डॉक्टरचं नाव त्या फळ्यावर उगाच नव्हतं इतक्यांदा. हे तिला आधीही कळलं असतं. तिने बघायचं ठरवलं नव्हतं.

घरी येताना तो बोलत होता: पुढच्या रविवारी वारा कुठून असेल, आणि कसं काहीच सांगता येत नाही.

आठवडा नेहमीसारखा गेला. तिने एका शिक्षिकेला वाचायचा चष्मा करून दिला, एका ड्रायव्हरच्या चष्म्याचा निसटलेला स्क्रू बसवला, एका आजीबाईंना तीन वेळा समजावलं की जवळचा आणि लांबचा एकाच काचेत होतो. शनिवारी संध्याकाळी शटर ओढण्याआधी तिने एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत, तक्त्यावरच्या सगळ्यात वरच्या ओळीएवढ्या अक्षरांत, लिहिलं: रविवारी दुकान बंद. खाली कारण लिहिलं नाही. गिऱ्हाइकं जातील, ही धास्ती होती, काही जातीलही. ती पुठ्ठा बाहेर लावून घरी आली आणि कुणाला काही बोलली नाही.

रविवारी बॅरोमीटर उजाडायच्या आत टोपी घालून गेला. भोंगा या खेपेला समितीने दुसऱ्या कुणाकडे दिला होता. जाताना त्याने पाहिलं की ती अजून झोपली आहे, आणि दुकानाला उशीर होईल असं दारातून सांगून गेला. ती उठली तेव्हा ऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावरून खाली उतरून फरशीच्या दुसऱ्या ओळीपर्यंत आलं होतं. तिने खुर्ची तिथे ओढली. चहा केला. मग काही केलं नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, आणि शेजारच्या घरात कुणीतरी एकच गाणं चुकीच्या सुरात पुन्हा पुन्हा म्हणत होतं. ती ते ऐकत राहिली. दुपारी थोड्या गारा पडल्या, त्याही तिने खुर्चीवरूनच पाहिल्या.

तो परतला तेव्हा भिजलेला होता. बुटांचा चिखल उंबऱ्याच्या आत आला. तो दारात उभा राहिला, नेहमी राहायचा तसा, तिने उठून वर्तमानपत्र अंथरावं म्हणून. ती संत्रं सोलत होती.

"दुकान?" त्याने विचारलं.

"बंद."

"बरं नाही का तुला?"

"बरी आहे. रविवारी बंदच राहील आता. तुम्हाला उघडायचं असेल तर किल्ली खुंटीला आहे."

त्याने किल्लीकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा तिच्याकडे, हवेचा अंदाज घेत असल्यासारखं. गिऱ्हाइकांचं काय, असं काहीसं तो पुटपुटला. तिने संत्र्याची एक फोड तोंडात टाकली. तेवढ्याने भागेना, तेव्हा त्याने छड्यांची पिशवी जमिनीवर जरा जोरात ठेवली. आज कसं झालं ते तिने विचारावं म्हणून तो थांबला. वाऱ्याचं, गारांचं, डॉक्टरच्या शिंकेचं सगळं त्याच्या ओठांवर तयार होतं.

तिने विचारलं नाही. दुसरी फोड घेतली आणि बिया बशीत काढून ठेवत राहिली.